बाईंनी घेतलेला प्याला

लढाईच्या दिवसांत नगरला आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या. स्वच्छतेच्या इतक्या कडक, की आमच्याकडे चहाला आल्या तरी कप आधी स्वतः उकळत्या पाण्यानं धुवायच्या. "राग नको हं," म्हणायच्या, पण धुवायच्याच.

एका रविवारी प्रभुभोजनाला राजूरकडचा एक महारोगी चर्चच्या दारात येऊन बसला. या विधीत द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांचा एकच असे. तो म्हणाला, "मी शेवटी घेतो, साहेब. मंग कुनाला तरास न्हाई." पाळकांनी तरीही त्यालाच आधी दिला. तो प्यायला. त्याच्यानंतर कुणी उठेना.

बाई उठल्या. "तुझी इच्छा, प्रभू," एवढंच पुटपुटल्या आणि त्याच्या बोटांतून प्याला घेऊन न पुसता प्यायल्या. मग त्याच्याच शेजारी बसल्या. त्यांच्यामागून आमची आई उठली, मग सगळी मंडळी.

घरी येताना आईनं विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की! लई वाटली. पण सगळं प्रभूला वाहिलं म्हणते ना मी? मग भीती तेवढी का राखून ठेवू?"

"या आमच्या शेजारच्या बाई," असं पुढं कितीतरी वर्षं, बाई दिसल्या की, मी अनोळखी माणसांनाही सांगत असे.