नवं दावं

सन दोन हजार सात. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. बेल्ह्याच्या बैलबाजारात एका गोऱ्ह्याचे दात बघत होतो, तेवढ्यात ओळखीचा व्यापारी म्हणाला, "बाबा, तुमचं पेपरवालं शेठ गेलं. मढ गावच्या रस्त्याला टेम्पोनं उडवलं काल." गोऱ्ह्याचा जबडा तसाच हातात राहिला... कांतीशेठ जुन्नरच्या पेठेतल्या कापडवाल्यांच्या घरातले. दुकान भावावर सोपवून हे गावोगाव हिंडायचे, माणसांना बोलतं करून पेपरात लिहायचे. आता त्यांच्या पेपरचे पुरवणीवाले मला म्हणाले, शेठबद्दल तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. म्हटलं, तिसरी शिकलोय, मीच लिहिणार.

आमची ओळख वाईट दिवसांतली. नव्याण्णव साली आमच्या कारभारणीला, शेवंताला, दिवेलागणीच्या वेळी बिबट्यानं मारली. सापडली शेजाऱ्याच्या उसात. शेजारी बोलून बसला, माझं गवत चोरायला शिरली होती. पेपरवाले आले, "कसं वाटतंय?" विचारलं, फोटो काढले आणि शेजाऱ्याचंच छापलं. गेलेल्या बाईला चोर केलं... त्यानंतर दारात पेपरवाला दिसला की मी काठी उचलायचो.

कांतीशेठ आले तेव्हाही उचलली. "शेठ, कापड विका जावा. हितं काय मिळायचं न्हाई."

"नका देऊ बाबा. पाणी तरी द्याल?"

पाण्याला नाही म्हणता येत नाही. पाणी पिऊन ते गोठ्यात गेले. वही नाही, पेन नाही, नुसते जनावरांकडं बघत उभे. मग म्हणाले, "सगळ्यांची दावी जुनी, कळकट. या कालवडीचंच नवं कसं?"

"जुनं तुटलं."

"तुटलेलं कुठंय?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ना पोलिसांनी, ना सोयऱ्यांनी. तोंडातून निघून गेलं, "तिच्या हातात व्हतं. मूठ सुटंना. दाव्यासकट जाळली."

कालवड दावं तोडून उसात पळाली, ही तुटकं दावं घेऊन मागं धावली. गवत कापायचा विळा घरात कुडाला तसाच खोचलेला. रात्री कालवड एकटीच परत आली... एवढं बोललो आणि थांबलो. शेठ गप्प. मला राग आला. "पुढचं इचारा की! मुकं झाला का?"

"तुमचं संपलं नाही बाबा अजून."

खरंच संपलं नव्हतं. तिच्याबद्दल मी त्या दिवशी जेवढं बोललो तेवढं तिच्याशी जन्मात बोललो नसेन. छापून आलं तेव्हा मथळ्यात बिबट्या नव्हता, दावं होतं. शेजारी पेपर घेऊन दारात आला. "चुकलं राव माझं." मी त्याला बसा म्हटलं नाही. आजही म्हणत नाही.

पुढं शेठ या वाटेनं गेले की गोठ्यात टेकायचे. मी डिवचायचो, "काय शेठ, गिऱ्हाईक घावलं का आज?" ते म्हणायचे, "घावलं, पण माप देईना." मढच्या रस्त्यालाही असंच कुणाला तरी भेटायला निघाले होते.

बाजारातून आलो, त्या कालवडीची आता मोठी गाय झालीय, तिच्यापाशी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं जुन्नरला गेलो. शेठचं घर माणसांनी भरलेलं. वहिनी, शेठच्या मंडळी, भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांची जाऊ माझ्या कानात म्हणाली, "परवापासून रडली नाही, बोलली नाही." जो येई तो विचारी, "कसं झालं हो? गाडी जोरात होती का?" वहिनी फरशीकडं बघत. मी दाराशीच बसलो. तिथं शेठच्या वहाणा होत्या, अंगठ्याशी झिजलेल्या. बारा महिने तेवढ्याच पायात दिसायच्या.

म्हटलं, "वहिनी, शेठच्या वहाणा तर हितंच हायेत. मग पायात काय घालून गेल्ते?"

त्यांनी मान वर केली. "बूट," म्हणाल्या. "मढला चिखल असेल म्हणून मीच काढून दिले. एक मोजा सापडेना... तसेच निघाले होते, मी परत बोलावलं..."

आणि थांबल्या. कुणीतरी काही विचारायला तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांचं अजून संपलं नव्हतं.