तो मार माझा होता

शैला आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते. टीबीनं ती आठवडाभर दवाखान्यात होती, पण इतक्या लवकर... फोन ठेवला आणि आधी आठवला तो तिचा चेहरा नव्हे, पट्ट्याचा आवाज.

आक्का माझी चुलतबहीण. काका-काकू एचआयव्हीनं गेल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला निपाणीजवळच्या आमच्या घरी आणलं. आजार तिला जन्मापासूनच होता, पण हे आम्हा दोघींना कुणी सांगितलं नव्हतं. शक्तीची म्हणून एक गोळी तिला मिळे. आप्पा आणायला विसरले की महिना महिना तीही नसे. एकदा तंबाखूच्या शेतात दोघींच्या टाचेत बाभळीचे काटे घुसले. आक्कानं ब्लेडनं आपला काटा काढला. मला दम निघेना. रक्तानं माखलेलं तेच ब्लेड मी तिच्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्या टाचेत घातलं. मी नऊ वर्षांची, ती बाराची.

पुढं माझा ताप हटेना. बेळगावात रक्त तपासलं. आई-आप्पांना काही नव्हतं, मला होतं. डॉक्टर म्हणाले, "एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून हे होत नाही. रक्ताला रक्त लागलं असेल." आप्पांनी पुढचं ऐकलंच नाही. घरी येताच पंपाचा पट्टा घेऊन आक्काला अंगणात झोडपलं. "काय केलंस माझ्या पोरीला? बोल!" पट्टा तुटल्यावर लाकूड घेतलं. तिच्या कोपराचं हाड मोडलेलं मी दारातून ऐकलं. ती माझ्याकडं बघत होती... एवढंच म्हणाली, "मला न्हाय ठाऊक, आप्पा." मी गप्प राहिले. त्याच दिवशी आप्पांनी तिचं अंथरूण जाळलं आणि ते तिला बेळगावातल्या एका वसतिगृहात सोडून आले.

मोठेपणी ती बेळगावातच, खासबागेत खोली घेऊन शिवणकाम करू लागली. नोकरीसाठी मी बेळगावात आले तेव्हा तिनंच मला औषधाची शिस्त लावली. एकदा धीर करून मी ब्लेडचा विषय काढला.

"व्हय गं, ध्यानात हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला हाणलं असतं त्यांनी."

तिच्या मातीला आप्पा आले. शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "माझ्या पोरीचा जल्म नासवला हिनं." मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात उगारला. मी मागं सरकले नाही. हात खाली आला, आणि ते भिंतीला टेकून मटकन बसले.

आता त्या खोलीत मी राहते. घरात असताना आक्का दाराला कधी कडी घालत नसे. "पळायला वाट पायजे गं," म्हणायची, हसत... माझाही हात कडीपर्यंत जातो आणि परत येतो.