तोडायचं काम आजोबांचं

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सरळ वाचता आलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पुढे पंचवीस वर्षं रसायनशास्त्रही मी इंग्रजीतूनच शिकवलं, तेव्हा अडचण भाषेची नाही. पण आजोबा मला इंग्रजीत आठवत नाहीत. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांना वेळ झाला नाही तर राहू दे.

मला त्या डिसेंबरच्या चॉकलेटबद्दल लिहायचं आहे. ताई, तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि बाळ पाच. आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. जीभ जड झाली होती, एका वेळी दोनतीन शब्दच निघत. दुसरा झटका झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं. ते मी तुमच्या बाबांना कळवलं आणि आजोबांपासून लपवलं. लपलं नसावं, कारण त्यानंतर ते दर रविवारी, तुमचा फोन व्हायच्या आधी, एकच विचारायचे, "मुलं कधी?" त्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष शेवटचं पाहिलं होतं तेव्हा बाळ रांगत होता.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत यायचं ठरलं. बाबांनी तिकिटं काढली, मी पलंगावरच्या गाद्या उन्हात टाकल्या. मग एका रविवारी कॉम्प्युटरच्या पडद्यावर, ताई, तू मला चॉकलेट बार्क शिकवलंस. तुमच्याकडे सुट्टीत ते घरोघरी करतात म्हणालीस.

"आजी, इट्स सो ईझी. मेल्ट कर, ट्रेमध्ये ओत, वर नट्स टाक, फ्रीजमध्ये ठेव. मग तोड."

"तोडायचं कशाला? गरम असतानाच सुरीनं रेघा पाडते, म्हणजे सारख्या वड्या पडतील."

"नो लाइन्स, आजी! झाडाची साल असते ना, तसं वाकडंतिकडं तोडायचं. हाऊ विल यू ब्रेक इट नाइसली इफ देअर आर लाइन्स?"

मी आयुष्यभर सारख्या वड्या पाडल्या. नारळाची वडी जरा तिरकी गेली तर ती मी स्वतः खाल्ली, पाहुण्यांच्या ताटात गेली नाही. वाकडंतिकडं तोडण्यासाठी मुद्दाम काही करायचं हे मला पटेना. पण आजोबा खुर्चीतून पुढे वाकले आणि त्यांनी डावा हात पडद्यासमोर धरला.

"मी," ते म्हणाले. "मी तोडणार."

"ओके, आजोबा ब्रेक करणार," तू जाहीर केलंस. "बट वेट फॉर अस. आम्ही आल्यावर."

"तुम्ही आल्यावर," ते म्हणाले. दोनच शब्द आहेत ते, पण त्या दिवशी मला खूप वाटले.

चॉकलेटची लादी आमच्या बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात मिळाली. दुकानदार कोकणी मुसलमान, त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यांनी लादी कागदात बांधता बांधता विचारलं, "बाई, नातवंडं येतात वाटतं?"

"येताहेत. बावीस तारखेला."

"इन्शाल्ला. आमचे दोघे मुलगे दुबईला आहेत. दर ईदेला येतो म्हणतात, आणि ईद झाली की फोनवर मुबारक करतात." ते हसले आणि वर मूठभर बेदाणे जास्तीचे टाकले. ते का हसले, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

पहिल्या खेपेला चॉकलेट फसलं. खाली उकळतं पाणी आणि वर पातेलं, त्यात तुकडे. छान वितळायला लागलं होतं. बघता बघता त्याच्या गुठळ्या झाल्या आणि सगळं मिळून एक खरखरीत गोळा झाला. कामाला येणारी बाई भांडी घासायची थांबून पाहायला आली. विमानतळासाठी ज्या गावांच्या जमिनी घेतल्या, त्यांतल्या एका गावातली ती.

"बाय, यो डांबर हाय का? आमच्या रस्त्यावं टाकाला दे, तिकडं खड्डं लय हायेत."

"चॉकलेट आहे. नातवंडांसाठी."

"नातवंडा कवा येतात?"

आजोबा आतून म्हणाले, "विमानतळ झाला की." त्यांचा तो ठरलेला विनोद होता. पनवेलला विमानतळ होणार होणार असं आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो. झटका यायच्या आधी ते म्हणायचे, मुलं थेट आपल्या गच्चीवर उतरतील.

"व्हय, आमची घरा तोडतील तवा तुमची नातवंडा उतरतील," ती म्हणाली आणि पुन्हा मोरीकडे गेली.

पुढच्या रविवारी मी तुला तो गोळा दाखवला. तू आईला विचारून आलीस. "आजी, वॉज द बोल वेट?"

पातेलं ओलं होतंच. आपल्याकडे फळीवरचं भांडं घेतलं की आधी विसळतात, झुरळ फिरलं असेल, धूळ बसली असेल. माझ्या आईनं शिकवलं, मी कधी विचार केला नाही, हात आपोआप नळाखाली जातो. चॉकलेटला पाण्याचे चार थेंब चालत नाहीत हे रसायनशास्त्राच्या बाईंना कळायला हवं होतं. तू मला कोरडं पातेलं घे असं सांगितलं नव्हतंस. का सांगशील? तुमच्याकडे भांडी यंत्रातून कोरडी होऊन निघतात. जे रोजचंच असतं ते सांगायचं कुणाला सुचत नाही.

दुसऱ्या खेपेला मी पातेलं, ट्रे आणि उलथनं दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवलं. हात पुसून पुसून काम केलं. चॉकलेट आरशासारखं वितळलं. वर काजू, पिस्ते आणि ते जास्तीचे बेदाणे टाकले. रेघा पाडल्या नाहीत. आजोबांनी खुर्ची ओट्याजवळ घ्यायला लावली आणि मी ओतत असताना डाव्या हाताचा अंगठा आणि बोट उघडमीट करत राहिले, सराव केल्यासारखे.

लादी फ्रीजमध्ये गेली ती अठरा तारखेला. एकोणीसला बाबांचा फोन आला. पडद्यावर नाही, साधा फोन.

"आई, वकील नको म्हणतोय. आत्ता देशाबाहेर गेलो तर परत येताना व्हिसाचा शिक्का मिळेलच असं नाही. नोकरी जाईल, मुलांची शाळा..."

"ती मुलांना घेऊन येऊ शकेल ना?"

"तिचेही कागद माझ्या व्हिसावरच आहेत, आई." "उन्हाळ्यात नक्की."

"उन्हाळ्यात," मी म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले होते त्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांना ते माहीत होतं. आठवण करून देऊन वकील काही बदलला नसता.

आजोबांना मी सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे पाहत होते. समोर नवी इमारत उठायच्या आधी तिथून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. मी ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "तोडा तुम्ही. कुरियरनं पाठवू."

त्यांनी ट्रे बाजूला सारला. "आल्यावर."

मी चिडले. हे लिहायला हवं. मी म्हटलं, "नाही यायची मुलं. ऐकलंत ना? नाही येणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. वर्गात मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उत्तर येत असून गप्प बसतो, तसे ते बसले. ट्रे मी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवला, वर कागद लावून, आणि त्यानंतर तो विषय आमच्यात झाला नाही. जानेवारीत कधीतरी फ्रीज पुसताना मी पाहिलं, चॉकलेटवर पांढरट डाग आले होते.

फेब्रुवारीत आजोबा गेले. डॉक्टर म्हणाले होते तसेच, दुसऱ्या झटक्यात.

मग मात्र तुमचे बाबा आले. एकटेच, शिक्क्याची जोखीम घेऊन. तेरा दिवस राहिले. जेवढं करायचं तेवढं सगळं केलं, मला कशालाही हात लावू दिला नाही. निघायच्या दुपारी बॅग भरताना म्हणाले, "मुलांसाठी काही द्यायचंय का?"

मी ट्रे काढून ओट्यावर ठेवला. त्यांनी मापून पाहिलं, सबंध लादी बॅगेत बसेना. टॅक्सी खाली आली होती. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ती ओट्याच्या कडेवर धरली आणि दाबली. खाड्कन आवाज झाला. मग आणखी दोनदा. भराभर तुकडे पिशवीत भरले, गाठ मारली. ओट्यावर चुरा राहिला तो बोटानं गोळा करून त्यांनी तोंडात टाकला. "छान झालंय, आई," म्हणाले.

ते कुणी तोडायचं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? टॅक्सी खाली उभी होती.

पुढच्या रविवारी मी तुला विचारलं, चॉकलेट कसं होतं. तू आईकडे पाहिलंस. "आजी, त्याच्यावर व्हाइट व्हाइट होतं. मॉमनं थ्रो केलं. सॉरी."

"असू दे," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात तुम्ही आला नाहीत, पुढच्याही नाही. आता तू मोठ्या शाळेत आहेस, रविवार तुझे मोकळे नसतात. विमानतळ अजून झालेला नाही. चॉकलेट मी पुन्हा केलं नाही. एकटीसाठी कुणी लादी आणत नाही.

फक्त एवढं, की ते पांढरं म्हणजे बुरशी नव्हती. चॉकलेट फार दिवस राहिलं की आतली चरबी वर येते आणि डाग पडल्यासारखं दिसतं. खायला काही होत नाही. पाठवताना मी ते सांगितलं नव्हतं.