ओढ्यावरची शीळ

श्रावणात पत्रावळींना पाने लागत, म्हणून थोरल्या जाऊबाई आणि मी ठाण्याच्या डोंगराखालच्या सरकारी राखीव रानात जात असू. लाकडाला बंदी होती, पळसाची पाने नेऊ देत. माझे माहेर कल्याणचे, भर बाजारपेठेतले. लग्नानंतरचा तो पहिलाच श्रावण, त्यामुळे रान मला नवे होते.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकडून शीळ आली. अगदी पुरुषाची, रमतगमत घातलेली, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी. मी पदर ओढून घेतला.

जाऊबाई हसल्या. "कोणाला गं बोलावतोय? मला तर कधी कोणी शीळ घातली नाही हो!"

मला रानाच्या रखवालदाराचा संशय आला. तो वाटेत दिसला की मी मान वर करीत नसे. पण घरी पोचले तर संशय माझ्यावरच. जाऊबाई दोन पावले पुढे गेल्या होत्या, तेवढ्यात सासूबाईंना सगळे कळले होते. "चार यत्ता शिकलीय, चिठ्ठी लिहायला हिला कितीसा वेळ?" त्या म्हणाल्या. "आणखी काही कानावर आले तर हिची कल्याणला रवानगी." तशी परत आलेली एक मुलगी आमच्या आळीत होती. तिला हळदीकुंकवालासुद्धा कोणी बोलावीत नसे.

दुसऱ्या दिवशी शीळ आली तशी मी पाने खाली टाकली आणि करवंदीच्या जाळीआडून डोकावले. ओल्या खडकावर एक काळे पाखरू बसले होते, साळुंकीहून थोडे मोठे. उन्हाची तिरीप आली तेव्हा त्याच्या खांद्यावर निळे चमकले. त्याने चोच उघडली, आणि तीच शीळ! तरी खडकामागे कोणी नाही ना, हे मी जाऊन पाहून आले.

घरी भीत भीत सांगितले. "पाखरू? त्याला मिशा होत्या का?" सासूबाई म्हणाल्या. पण सकाळी त्या स्वतः आमच्याबरोबर निघाल्या.

पाखरू त्याच खडकावर होते. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "थोरले, तू बारा वर्षे येतेस ना गं या रानात?"

जाऊबाई देठ खुडीत राहिल्या. "मला काय ठाऊक पाखराबिखरांचे!"

कल्याणला पाठवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. नंतर समजले, त्या डोंगरात जवळजवळ प्रत्येक ओढ्याला हे पाखरू असते. त्या दिवसापासून जाऊबाई माझ्याशी फार गोड बोलू लागल्या. मी त्यांच्यासमोर कधी माहेरचे पत्र उघडले नाही.