डावखुरी गिटार

कृत्रिम दात घडवण्यात त्याची हयात गेली होती, म्हणून गल्लीत त्याला सगळे बत्तिशी म्हणत. दात असा हवा की तो खोटा आहे हे आरशालाही कळू नये, हा त्याचा बाणा. त्यासाठी शुभ्र दातावर तो मुद्दाम पिवळसर छटा चढवी.

छंदातही तोच बाणा. पंक संगीत गाजवणाऱ्या वादकांच्या इलेक्ट्रिक गिटारींच्या प्रतिकृती तो जमवी. मूळ गिटारीवरचे ओरखडे, सिगारेटचे चटके, अर्धवट सोललेली स्टिकर, सगळे जिथल्या तिथे. स्वतःला मात्र एक सूर वाजवता येत नसे. "लोकांना नाचता येईना तर अंगण वाकडं असतं. आमचे हे नुसती अंगणं जमवतात," असे बायको म्हणे.

या वेळी हवी असलेली गिटार मात्र बाजारात मिळणारी नव्हती. ती ज्या वादकाची, तो थोडा काळ पेटला आणि विझला. गिटारीसह त्याचे एकच छायाचित्र जुन्या मासिकात उरले होते. ते घेऊन बत्तिशी कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेला. सुताराने गिटारी दुरुस्त केल्या होत्या. अख्खी घडवण्याची ही पहिलीच खेप.

"डावखुरा होता का हो हा?" सुताराने विचारले होते.

"डावखुराच. फोटो काय खोटं बोलतोय?"

आज वाचनालयाच्या सभागृहात त्याच्या गिटारींचे प्रदर्शन होते. गिटार कालच भिंतीवर चढली होती. बायको शिवणकाम करणारी. त्याच्या सदऱ्याला इस्त्री करता करता तिची नजर टेबलावरच्या मासिकावर गेली.

"अहो, या बाप्यानं बाईचा शर्ट घातलाय."

"पंकवाले काय वाटेल ते घालतात."

"घालू देत. पण काजं उजव्या पट्टीला आहेत. पुरुषाची डावीकडे असतात. नाहीतर फोटो उलटा छापलाय."

त्याने दात तपासायचे भिंग आणले. छातीवरच्या बिल्ल्यातली अक्षरे उलटी होती. जाणकार येणार, पहिल्या नजरेत ओळखणार, आणि हसतील ते सुताराला. घडवणारा म्हणून गिटारीखालच्या पाटीवर नाव त्याचे होते. दारे उघडण्यापूर्वी गिटार उतरवायची, एवढेच त्याला सुचत होते. चहा तसाच टाकून तो निघाला.

पण सुतार आधीच येऊन बसला होता, म्हाताऱ्या बापाला घेऊन. बाप गिटारीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "सांधा कुठाय रे? सापडत नाही," तो पुन्हा पुन्हा कौतुकाने म्हणत होता.

बत्तिशीने सुताराला बाजूला घेतले आणि सगळे सांगितले.

सुताराने वळून बापाकडे पाहिले. मग म्हणाला, "उतरवायची तर तुम्ही उतरवा. बाप बसलाय तोवर माझा हात लागायचा नाही."

बत्तिशीने भिंतीकडे पाहिले. बाहेर माणसांचे आवाज वाढले होते. त्याने खिशातून पेन काढले, पाटीवरचा 'हुबेहूब' हा शब्द खोडला आणि खाली लिहिले: 'मूळ गिटार उजव्या हाताची. छायाचित्र उलटे होते. चूक मागवणाऱ्याची, घडवणाऱ्याची नव्हे.' खाली स्वतःचे नाव घातले.

सुताराने मान वाकडी करून ते वाचले.

"अक्षर जरा मोठं काढायचं होतंत," तो म्हणाला.

शिपाई दाराची कडी काढत होता.