बेंगळुरात दिवस आधी मावळतो

महावीर जयंती होऊन गेल्यावर येणाऱ्या गुरुवारी संध्याकाळी आप्पा आणि आई कोगनोळीच्या नाक्यावर बेंगळूरच्या बसमध्ये चढले. बरोबर दोन पिशव्या आणि दशम्यांनी भरलेला पितळी डबा होता. जेवण घरीच उरकले होते. बस दिवस मावळल्यावर आली. आईच्या मते ती वेळेवर आली.

त्याच नाक्यावरून चौदा वर्षांपूर्वी मी निघालो होतो. तेव्हाही डबा तोच होता. आप्पा रस्त्याकडे तोंड करून उभे होते आणि बस दिसण्याआधीच हात करत होते, त्यामुळे उसाच्या दोन ट्रॅक्टरनी ब्रेक मारले. आईने निघताना एकच गोष्ट सांगितली. ‘‘दिवस मावळायच्या आत जेवत जा रं. बाकी तुझं तू बघ.’’

आमच्या घरात अंधार पडल्यावर कोणी जेवत नाही. गावातल्या इतर जैन घरांतही हीच रीत आहे. बस्तीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, दारात एक फळा आहे. त्यावर बाबू आण्णा रोज सकाळी सूर्यास्ताची वेळ खडूने लिहितात. ते आप्पांचे शाळेपासूनचे मित्र. गावातली निम्मी जेवणे त्या फळ्यावर चालतात.

बेंगळुरात मला वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी मिळाली. कामाची वेळ दुपारी चार ते रात्री बारा. पहिले काही महिने मी साडेपाचला डबा उघडून पाहिला. त्याच वेळी पहिल्या पानाची बैठक असे. पुढे जेवण दहावर गेले आणि तिथेच राहिले. घरी हे सांगितले होते. आईने ऐकून घेतले. आप्पांनी त्यातून स्वतःचा निष्कर्ष काढला आणि बस्तीच्या कट्ट्यावर जाहीर केला. ‘‘बेंगळुरात दिवस उशिरा मावळतोय. म्हणून पोरगं उशिरा जेवतंय.’’ कट्ट्यावर याला कोणी हरकत घेतली नाही. बेंगळूर मोठे शहर आहे, तिथे काहीही उशिरा होऊ शकते, असे सर्वांचे मत पडले.

त्यांची ही पहिलीच खेप नुसती फिरायची नव्हती. गेल्या वर्षी मी फ्लॅट घेतला. त्यात एक खोली आई-आप्पांसाठी आहे. दोघांनी कायमचे इकडे यावे, असे मी आणि माझी बायको पद्मा दोन वर्षे सांगत होतो. आप्पांचे गुडघे चढावर बोलतात. आईला डोळ्यांच्या डॉक्टरसाठी कोल्हापूर गाठावे लागते. शेत वाट्याने घ्यायला चुलतकाका तयार होते आणि त्यांना अक्षय्य तृतीयेपर्यंत हो-नाही कळायला हवे होते. आप्पा म्हणाले, ‘‘आधी गाव बघू. मग सांगू.’’ गाव म्हणजे बेंगळूर.

म्हणून गाव दाखवायचे ठरले. निर्णय त्यावर होता, त्यामुळे निवड काळजीपूर्वक केली. पहिल्या दिवशी लालबाग. दुसऱ्या दिवशी मेट्रो आणि नावाजलेल्या हॉटेलातला मसाला दोसा. रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, विधानसौध आणि रात्रीची तिथली रोषणाई. ज्यांच्या घरी गावाकडची माणसे येऊन गेली आहेत, त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हीच यादी असेल.

लालबागेत आप्पा काचघरापाशी थांबले नाहीत. ते थेट तिथल्या खडकावर चढले, गुडघ्यांसकट. वर उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिले आणि विचारले, ‘‘एवढी जमीन. पाणी हाय. माणसं हाईत. पीक काय घेत्यात?’’

‘‘पीक नाही आप्पा. बाग आहे. लोक फिरायला येतात.’’

‘‘कशात फिरायला?’’

आईला बाग आवडली. एका झाडाखाली तिने शेंगाच्या चटणीची पुडी सोडली आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईशी कन्नडात बोलायला लागली; आमचे गाव सीमेवरचे, तिथे दोन्ही भाषा चालतात. त्या बाईच्या सुनेचा स्वभाव, नोकरी आणि पगार हे सगळे आईला कळले. मी ज्या इमारतीत राहतो तिथल्या शेजाऱ्याचे आडनाव मला अजून माहीत नाही.

दोशाच्या हॉटेलबाहेर रांग होती. आत गेल्यावर कळले की दोशात बटाटा आहे, बटाट्यात कांदा आहे आणि दोन्ही बाजूला काढून मिळणार नाहीत. आईने बटाटा सोडला त्याला बरीच वर्षे झाली. आप्पांनी तिच्या पाठोपाठ सोडला. आधी कोणी सोडला याबाबत त्यांचे म्हणणे वेगळे आहे. दोघांनी साधा दोसा घेतला. आप्पांनी तो उचलून उजेडात धरून पाहिला. ‘‘एवढ्यासाठी माणसं उभी हाईत व्हय? ह्यास्नी कुणी सांगितलं न्हाय, घरी बी होतंय म्हणून?’’

मेट्रो मात्र दोघांना पसंत पडली. आईने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायला सांगितले आणि मग पुन्हा एकदा जायला सांगितले. खिडकीतून बेंगळूरच्या गच्च्यांवरची वाळवणे दिसतात. ‘‘हितं बी पापड घालत्यात की गं,’’ असे ती पद्माला फोनवर म्हणाली. आतापर्यंतचा कल अनुकूल होता.

दोन्ही दिवशी मी चारच्या आत कामावर गेलो. पद्मा तिच्या कामावरून आठला यायची. फ्लॅटचे तोंड पूर्वेला आहे. वास्तूच्या हिशोबाने ते चांगले, पण सूर्यास्त दिसत नाही. आई कोगनोळीतही फळ्याकडे बघत नसे. दिवा लावायची वेळ होण्याआधी ती जेवून मोकळी होते. इथेही तिने तसेच केले. आप्पांना फळा लागतो. म्हणून ते रोज सकाळी कोगनोळीला फोन लावत.

‘‘बाबू, आजचा टाइम किती रं?’’

बाबू आण्णा फळ्यावर लिहिलेली वेळ वाचून दाखवत. आप्पा ती तोंडपाठ करत आणि संध्याकाळी त्याप्रमाणे, शेवटच्या क्षणापर्यंत, सावकाश जेवत. घरात त्या वेळी त्यांच्याशिवाय फक्त आई असे. ती म्हणायची, आवरा. ते म्हणायचे, बाबूनं सांगितलंय.

रविवारी साडेपाचला आम्ही चौघे कॅबने निघालो. कब्बन पार्कात बसून डब्यातले जेवायचे, अंधार पडला की समोरच रोषणाई पाहायची, असा बेत होता. तो मी आखला होता. गाडी चालवणारा मंजुनाथ. मी त्याच्याशी हिंदीत बोललो, त्याने मला इंग्रजीत उत्तर दिले. आप्पांनी मागच्या सीटवरून कन्नडात विचारले, ‘‘गाव कुठलं तुझं?’’ तो हावेरीकडचा निघाला. वडिलांचा मका. बोअर आटलेली. पुढचे सगळे बोलणे त्या दोघांत झाले. ते कन्नडात होते, इथे मराठीत दिले आहे.

उड्डाणपुलावर गाडी थांबली. पुढे गाड्या होत्या, मागे गाड्या होत्या. पाच मिनिटांत सुटेल, असे मी सांगितले. पुन्हा एकदा सांगितले. तिसऱ्यांदा पद्माने माझ्याकडे पाहिले, त्यामुळे सांगितले नाही. मंजुनाथने इंजिन बंद केले.

सूर्य उजव्या हाताला होता. दोन उंच इमारतींच्या मधे तो आला, तेव्हा आई खिडकीला टेकली.

‘‘मावळाय लागला की.’’

‘‘छे. अजून अर्धा तास हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘सकाळी बाबूला इचारलंय.’’

‘‘बाबू आण्णा कुठं हाईत?’’

‘‘कोगनोळीत.’’

‘‘आन् तुम्ही?’’

आप्पांनी घड्याळ पाहिले. मग म्हणाले, ‘‘सूर्य एकच हाय.’’

‘‘एकच हाय, पर तो बाबू आण्णांचा फळा वाचून मावळत न्हाय. ह्यो समोर बघा.’’

मी फोनवर पाहिले. बेंगळूर कोगनोळीच्या पूर्वेला आहे. त्या दिवशी इथला सूर्यास्त तिकडच्या पाव तास आधी होता. ही माहिती मी मोठ्याने वाचली. चौदा वर्षे कट्ट्यावर प्रसिद्ध होत असलेली बातमी चुकीची होती, आणि उलट्या बाजूने चुकीची होती.

‘‘म्हंजे काल...’’ आप्पा म्हणाले.

‘‘काल बी आन् परवा बी,’’ आई म्हणाली आणि तिने डबा उघडला. ‘‘आता बोलत बसू नगासा. हात पुढं करा.’’

उड्डाणपुलावर जेवण सुरू झाले. दशमी, चटणी, दोडक्याची भाजी. ताटे नव्हती. आईने डब्याचे झाकण आप्पांना दिले, आम्हाला हातावर वाढले. मंजुनाथने नको म्हटले. आईने त्याला विचारले, तुझी आई तुला असं मांडीवर स्टेअरिंग घेऊन उपाशी बघंल तर काय म्हणंल? त्याने दोन दशम्या घेतल्या. शेजारी खिडकीला लागून एक स्कूटरवाला उभा होता. तो हेल्मेटच्या काचेतून पाहत होता. आईने त्याच्यापुढेही एक दशमी धरली. त्याने डोके हलवले. गाड्या हलेनात. थोड्या वेळाने त्याने काच वर केली आणि घेतली.

‘‘लई चांगला पूल हाय,’’ आई म्हणाली. ‘‘निवांत जेवाय मिळतंय.’’

तेव्हा मीही जेवत होतो. हे पद्माच्या लक्षात आले. आईच्याही लक्षात आले असावे. तिने मला न विचारता आणखी एक दशमी दिली.

पुढची गाडी हलली, मागून हॉर्न सुरू झाले आणि त्याच वेळी सूर्य इमारतीआड गेला. तो मावळला की फक्त इमारतीआड गेला, यावर दोन मते आहेत. आप्पांच्या हातात अर्धी दशमी उरली होती. त्यांनी ती खाल्ली नाही, टाकली नाही, आईला परतही दिली नाही. ती हातात धरून ते बसून राहिले.

विधानसौधाची रोषणाई आम्ही चालत्या गाडीतून पाहिली. इमारत पूर्ण उजळलेली होती. मंजुनाथने गाडी हळू केली आणि त्याने स्वतःहून माहिती दिली. आप्पा दशमीकडे पाहत होते.

‘‘आप्पा, उजवीकडं बघा.’’

‘‘बघितलं,’’ ते म्हणाले. ‘‘लाइट बिल कोण भरतंय?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. आधीच्या दोन संध्याकाळी मावळल्यावर जे चार घास गेले त्यासाठी. उकळून गार केलेले पाणी घेऊन ते पूर्वेच्या गॅलरीत बसले. सकाळी बाबू आण्णांचा फोन आला. आज टाइम का विचारला नाही म्हणून. आप्पा म्हणाले, ‘‘तुझा टाइम हितं चालत न्हाय बाबू.’’ मग बराच वेळ पलीकडून प्रश्न येत राहिले आणि आप्पा, ‘‘व्हय. व्हय. आधी. न्हाय रं, आधी,’’ असे म्हणत राहिले.

मी कामावर निघालो तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितले.

‘‘खोली चांगली हाय. डॉक्टर जवळ हाय. मेट्रो हाय. माझं काय म्हणणं न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पर आम्ही सहाला जेवणार. पद्मा आठला येणार. तू दहाला तिकडंच जेवणार. एका घरात ऱ्हाऊन जेवलास काय म्हणून फोनवर इचारायचं. मग कोगनोळीतनंच इचारतो की. तिथनं बी फोन लागतोय.’’

आई आत दशम्यांचा डबा घासत होती. ती बाहेर आली नाही. पाण्याचा आवाज मात्र थांबला होता.

‘‘काल तू आमच्या संगं जेवलास,’’ आप्पा म्हणाले. ‘‘सणवार सोडून किती वर्सानं रं?’’

आकडा त्यांना माहीत होता.

गुरुवारी संध्याकाळी दोघे परतीच्या बसमध्ये बसले. त्याआधी घरी जेवण झाले, फोनवर पाहून, वेळेच्या बऱ्याच आत. त्या दिवशी मी उशिरा कामावर गेलो आणि पद्मा लवकर आली. बस सुटताना आईने खिडकीतून काही सांगितले. काच बंद होती. ऐकू आले नाही, समजले.

शेत वाट्याने दिलेले नाही. चुलतकाकांना आप्पांनी तृतीयेच्या आधीच तसे कळवले. आईच्या डोळ्यांची तपासणी आता दर सहा महिन्यांनी बेंगळुरात होते. पुढची खेप दसऱ्याची आहे आणि ती पंधरा दिवसांची असेल, असे आप्पा म्हणतात. आई महिना म्हणते.

कट्ट्यावर आप्पांना लोक विचारतात, बेंगळुरात बघण्यासारखं काय? चुलतकाकांनी सांगितलेल्या हकीकतीनुसार आप्पा दोनच ठिकाणे सांगतात. एक मेट्रो. दुसरा पूल. पुलावर काय आहे, असे विचारल्यावर ते म्हणतात, ‘‘तिथं मावळतीला बसून जेवायचं. गाडी कुणी हलवत न्हाय.’’ दिवस उशिरा मावळण्याची बातमी त्यांनी मागे घेतली आहे.

मी ऑफिसात जेवणाची सुट्टी संध्याकाळी सहाला मागितली. डेस्कच्या प्रमुखांनी कारण विचारले. सूर्यास्त, असे सांगितले. त्यांनी पहिल्या पानाची बैठक साडेसहाला नेली. मी डबा घेऊन गच्चीवर जातो. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो. पलीकडे आई-आप्पांची ताटे दिसतात. मला आधी संपवावे लागते, कारण इथे आधी मावळतो. ‘‘आवर,’’ आप्पा म्हणतात. ‘‘आमचं अजून पाव तास चालतंय.’’ पद्मा जमेल तेव्हा तिच्या ऑफिसातून येते. म्हणजे फोनवर येते.

गेल्या आठवड्यात चुलतकाकांनी बस्तीच्या फळ्याचा फोटो पाठवला. बाबू आण्णा आता दोन वेळा लिहितात. वरची कोगनोळीची. खालची, थोड्या बारीक अक्षरात, बेंगळूरची. गावात त्या वेळेवर जेवणारे कोणी नाही.

काल खालची वेळ मी गच्चीवरून तपासली. बरोबर होती. वरची बरोबर असल्याचे आप्पांनी पाव तासाने कळवले. दोन्हीकडे जेवणे झाली होती.