कबरीपाशी मारायची हाक

काका रविवारी गेले. बुधवारी त्यांना पुरलं.

मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी इतिहासात पीएच.डी. करत होते आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. ते नवरा-बायको जमैकाचे चिनी. मुलगी विद्यापीठात शिकवायची, म्हणून म्हातारपणी इकडे आलेले. मी त्यांना काका-काकूच म्हणायचे. कबरीच्या दगडावर काय कोरायचं असं विचारलं, तेव्हा काकूंनी कागदोपत्री होतं ते नाव सांगितलं. ते काकांचं नव्हतं.

जमैकावर इंग्रजांचं राज्य असताना चिनी माणसाला बेटावर सहज उतरू देत नसत. तिथल्या दुकानदाराचा मुलगा असेल तर येऊ देत. अशा एका दुकानदाराचा मुलगा चीनमध्ये तापाने वारला होता. काका त्याच्या नावावर बोटीत बसले. मग त्याच दुकानात खारवलेले मासे विकत आणि पिठाच्या पोत्यांवर झोपत त्यांचं तरुणपण गेलं. परका माणूस म्हणून पोलिसांत नोंद झाली तीही त्या मेलेल्या मुलाची. पुढे लग्न, व्हिसा, अमेरिकेचं नागरिकत्व, सगळं त्याच नावावर. खरं नाव एकट्या काकूंना ठाऊक होतं.

वसंतात त्यांच्यात कबर झाडायला जातात. जेवण मांडून मेलेल्याला नावाने हाक मारायची, तरच तो जेवायला येतो. मी म्हटलं, "आमच्याकडेही श्राद्धाला नाव-गोत्र लागतं."

"म्हणजे तुमचे भटजी इमिग्रेशनवाल्यांसारखेच," काकू म्हणाल्या.

काका गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात कबरीकडे निघताना मुलगी म्हणाली, "मम्मी, आज डॅडीचं खरं नाव घे. इतकी वर्षं झाली, हू केअर्स?"

"तुझा पासपोर्ट त्याच नावावर उभा आहे. तू बदकाकडे बघ, रस्सा सांडतोय."

मला ही भीती हसण्यावारी नेता येईना. २००१ नंतर विमानतळावर माझीही कागदपत्रं दर खेपेला उलटीपालटी होत होती.

काकूंनी भात, बदक, तीन कप चहा आणि मेलेल्यासाठी जाळायचे कागदी पैसे मांडले. मुलीला आणि मला मागे थांबवून त्या दगडाजवळ वाकल्या. तोंड उघडलं, तेवढ्यात दफनभूमीची गाडी येऊन थांबली. गणवेशातला माणूस उतरला आणि कागद जाळायला इथे परवानगी नाही, एवढंच अदबीने सांगून गेला. काकू ताठ झाल्या होत्या. त्यांनी मोठ्याने हाक मारली ती कागदावरच्या नावाने.

गाडीत त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी."

त्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. वसंत यायच्या आत त्याही गेल्या. मुलीला नाव कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दगडावर दुसऱ्याच्या मुलाचं नाव आहे. काकांचं नाव आता कुणालाही माहीत नाही.